घुंगुरगडात नवशिकं कोण?

घुंगुरगडच्या राजे धडाकरावांना वेबसाइट हवी होती. तीही स्वतःच्या हातांनी केलेली, आणि तीही आजच्या आज! कारण संध्याकाळी त्यांचे मेहुणे सर्जेराव जेवायला येणार होते आणि सर्जेरावांची वेबसाइट होती. गेल्या खेपेला पानात आमरस पडेपर्यंत त्यांनी ती सात वेळा दाखवली होती.

राजांच्या काळात वेबसाइट कुठून आली, असं विचारू नका. हत्तीखाना होता, तसं वायफायही होतं. गोष्ट माझी आहे, मला माहीत!

तर प्रधानजींनी घाईघाईत एक कागद खरडला आणि नाथा हलगीवाल्याच्या हातात कोंबला. नाथाने चौकात हलगी कडाडवली आणि लिहिलं होतं ते जसंच्या तसं वाचलं, "ऐका हो ऐका! राजेसाहेबांना नवशिक्याला झेपेल असं वेबसाइटचं सॉफ्टवेअर पाहिजे हो!"

बाजार हसून हसून लोळला. राजेसाहेब नेमके गच्चीत उभे होते.

"नवशिका? मी?" त्यांच्या मिशा थरथरल्या. "हिसकावून घ्या त्याची हलगी! सूर्य मावळायच्या आत हा माणूस वेशीबाहेर गेला पाहिजे!"

नाथाची लेक हौसा धापा टाकत दरबारात आली. "सरकार, आबांनी नुसतं वाचलं. लिहिणारे हात दुसरेच होते!"

प्रधानजी छताकडे बघू लागले.

"फार चुरूचुरू बोलतेस!" राजेसाहेब गरजले. "मग सॉफ्टवेअर तूच निवड. मेहुणे यायच्या आत माझ्या हातून साइट झाली, तर तुझा बाप राहील. नाही झाली, तर दोघंही गाव सोडा. आणि मला कुणी नवशिका म्हटलं, तर त्याच क्षणी सोडा!"

बाजारातून आणलेली दोन सॉफ्टवेअर समोर होती. एकाचं नाव 'चक्रव्यूह'. त्याने म्हणे काहीही करता येई, फक्त त्याची माहितीपुस्तिका उचलायला दोन हमाल लागत. दुसरं 'पाटी'. साधं होतं, पण वेष्टणावर ठसठशीत छापलेलं, 'नवशिक्यांसाठी'. आता काय करणार? अवघड घ्यावं तर साइट होत नाही, सोपं घ्यावं तर राजा खवळतो! बिचारा नाथा कोपऱ्यात रिकामे हात चोळत उभा होता.

हौसाने एकदा बापाकडे पाहिलं आणि पदर खोचला. "सरकार, मी निवडते. पण मी तर उभ्या जन्मात माऊसला हात लावला नाही. मला कोणी शिकवेल का? प्रधानजी शिकवतील?"

"प्रधानजी? मी असताना?" राजेसाहेब सिंहासनावरून टुणकन उतरले. न येणारी गोष्ट दुसऱ्याला शिकवण्यात त्यांचा हात कोणी धरू शकत नव्हतं. परवाच त्यांनी आचाऱ्याला पुरणपोळी शिकवली होती. आचारी अजून रजेवर आहे.

आधी 'चक्रव्यूह' उघडलं. पडद्यावर प्रश्न आला, 'सर्व्हर कोणता? डेटाबेस कुठे?'

"मला काही कळलं नाही बाई," हौसा म्हणाली. "सरकार, समजावून सांगा ना!"

राजेसाहेबांनी घसा खाकरला. पाणी प्यायले. पुन्हा खाकरला. "हा... हा प्रश्न फार उर्मटपणे विचारलाय!"

"हो ना! राजासमोर असं बोलतात का?"

"बंद कर ते!"

मग 'पाटी' उघडली. 'नमस्कार. तुमच्या साइटचं नाव काय?'

"बघ, याला म्हणतात रीत!" राजेसाहेब खुलले. एका बोटाने एकेक अक्षर शोधत त्यांनी घुंगुरगड लिहिलं. हत्तीचा फोटो ओढून आणला, तो उलटा आला.

"अगं बाई! आता हो?" हौसाने तोंडावर हात ठेवला.

"घाबरू नकोस. हा मागे जाणारा बाण दाबायचा," म्हणत त्यांनी तो दाबला आणि हत्ती नाहीसा झाला. "मागे जातं! हौसा, चुकलं तरी मागे जातं!" आणि राजेसाहेबांनी दरबारात चक्क गिरकी घेतली!

मग काय विचारता! हौसा विचारत गेली, राजेसाहेब दाखवत गेले. हत्ती सरळ झाला. जत्रेची तारीख आली. मिशांचा फोटो आला, लहान वाटला, मोठा केला. चौदा वेळा रंग बदलला. उन्हं उतरली तेव्हा साइट तयार होती!

सर्जेराव आले, मोबाइलवर साइट वरखाली सरकवून बघू लागले. राजेसाहेबांनी त्यांच्यादेखत जत्रेची वेळ बदलून दाखवली. "आमच्या साइटवर अजून गेल्या वर्षीची जत्रा आहे," सर्जेराव पुटपुटले. "करून देणारा फोनच उचलत नाही."

राजेसाहेबांची छाती फुगली. इतक्यात प्रधानजींनी वेष्टण उंच धरलं. "पण सरकार, इथे तर नवशिक्यांसाठी लिहिलंय! मग आज नवशिकं कोण होतं, ते हिला विचारा!"

नाथाने डोळे मिटले.

"सांग हौसा," राजेसाहेबांचा आवाज खाली आला. "खरं सांग. मी की तू?"

"दोघंही नाही, सरकार!" हौसा म्हणाली. "नवशिकी ती पाटी! सकाळी तिला या गडाचं नाव माहीत नव्हतं, जत्रा माहीत नव्हती, तुमच्या मिशासुद्धा माहीत नव्हत्या! दिवसभर तुम्ही एका बोटाने शिकवलंत, तेव्हा कुठे शहाणी झाली!"

मग राजेसाहेब असे हसले, असे हसले, की सर्जेरावांनाही हसू आवरेना. "शहाणी झाली! माझ्या मिशा शिकली!" डोळे पुसत ते म्हणाले, "नाथाची हलगी द्या परत! तिला चांदीची कडी बसवा! आणि आजपासून साइटची कारभारीण हौसा. प्रधानजी तिच्या हाताखाली शिकतील, अगदी पहिल्यापासून!"

लगेच साइटची दवंडी द्यायचं ठरलं. प्रधानजींनी कागद लिहून पुढे केला. नाथाने हलगी छातीशी धरली, कागद घेतला आणि न वाचताच लेकीकडे दिला.

"पोरी," तो म्हणाला, "आधी तू वाच!"