शेल्याखालचे हात

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा दरबार ठरलेल्या वेळी भरत असे.

एका राज्याच्या सीमेवरची तीन गावे शत्रूने धरून नेली आणि दगडाच्या खाणीला जुंपली. हातांत साखळ्या आणि समोर डोंगर. राजाने सैन्य पाठवले, ते तसेच परत आले. दूत पाठवला, तर त्याचे नुसते पागोटे परत आले. मग युवराज एकटाच गेला. "यांना सोडा, साखळी मला घाला," म्हणाला.

माणसे सुटली. युवराज दगड फोडत राहिला. एके दिवशी तो मेला असे समजून शत्रूने त्याला दरीत टाकून दिले. तिसऱ्या दिवशी तो चालत घरी आला.

सुटलेल्यांचे घोडे मात्र नियमात अडले. त्यांची नावे लिहिलेल्या मुक्तिपत्रावर मोहोर होती. ती त्याच खाणीत राबलेल्या, पण त्या पत्रात नाव नसलेल्या माणसाने फोडायची, आणि तो तिथे राबला याची साक्ष खाणीतल्याच दुसऱ्याने द्यायची. वर्षाच्या दरबारात मोहोर फुटली नाही, तर सगळ्यांची रवानगी पुन्हा सीमेपार. नियम कोणी केला हे कोणालाच आठवत नव्हते, म्हणून तो मोडताही येत नव्हता.

सुटलेल्यांना तोवर ठेवलेल्या सीमेवरच्या छावणीतून एक कुंभारीण निघाली. तिच्या हातांतली साखळी तिच्या डोळ्यांदेखत युवराजाच्या हातांत पडली होती. चार दिवस चालून ती त्या दरबाराच्या दिवशी दाराशी पोचली.

"काय काम काढलंत, मावशी?" चोपदाराने विचारले.

"साक्ष द्यायचीय."

"आज साक्ष नाही, स्तुती आहे. गाता येतं?"

"खाणीतलं येतं."

"मग बाहेरच गा."

"बसते इथंच," ती उंबऱ्याशी टेकत म्हणाली. "दगड फुटेपर्यंत थांबायची सवय आहे मला."

आत स्तुती रंगात आली होती. युवराजाच्या घोड्यावर चार कडवी झाली, मिशीवर दोन. खाणीचा उल्लेख कोणी केला नाही, कारण तो अपशकुन मानला जाई. मानपानाच्या कारभाऱ्याने युवराजाच्या हातांवर जरीचा शेला पांघरला होता. साखळीचे वळ दरबारात शोभत नाहीत, असे त्याचे मत होते.

मग पुकारा झाला, "मोहोर फोडायला पात्र कोण?"

सेनापती छताकडे पाहू लागला. राजगुरूने डोळे मिटले. चोवीस मानकऱ्यांनी आपापल्या पगड्या चाचपल्या. राजाची साक्ष चालत नव्हती, तो बाप होता.  युवराज दाराकडे पाहत होता.

तेवढ्यात उंबऱ्यावरून कुंभारणीने आवाज लावला. खाणीत दगड ओढताना एकाने हाक घालायची आणि साखळीच्या दुसऱ्या टोकाने ओ द्यायची, अशी रीत होती.

"साखळी माझी, हात कुणाचे?"

गवयी एकमेकांकडे बघू लागले. ओ आली ती सिंहासनाशेजारून.

"हात माझे, चल तू पुढे."

आता चोपदाराने तिला अडवले नाही. ती थेट आत आली आणि म्हणाली, "हा राबला, माझ्या जागी राबला. काढा तो शेला."

युवराजाने शेला काढला. दोन्ही मनगटांवर साखळीचे खोल वळ होते. त्याच हातांनी त्याने मोहोर फोडली.

सगळ्यांत म्हाताऱ्या मानकऱ्याने पगडी उतरवली आणि युवराजाच्या पायाशी ठेवली.

"अहो, उघड्या डोक्यानं? दरबारात?" कारभारी कुजबुजला.

"या हातांपुढे पगडी घालून बसायची लाज वाटते मला," म्हातारा म्हणाला.

मग तेवीस पगड्या उतरल्या. शेवटी कारभाऱ्याचीही उतरली. तिला वेळ लागला, कारण ती फार घट्ट होती.

त्या दिवसापासून दरबाराची सुरुवात कुंभारणीच्या गाण्याने होऊ लागली. गवयांनी ते तिच्यापुढे बसून शिकून घेतले. हाक घालायचा मान तीन गावांचा ठरला.

ख्रिस्ती शास्त्रात स्वर्गातली उपासना अशीच सांगितली आहे. तिथे वडीलमंडळी आपले मुकुट उतरवून ठेवतात, आणि नवे गीत गायले जाते ते वधलेल्या कोकऱ्यासाठी, म्हणजे सगळ्यांसाठी प्राण देऊन पुन्हा उठलेल्या तारणाऱ्यासाठी. त्याच्या जखमा तिथे कोणी झाकत नाही.

तात्पर्य: सोडवणाऱ्याच्या जखमा झाकून केलेली स्तुती कितीही सुरात असली, तरी ती उपासना नव्हे.