दाणूची गोधडी

ज्वारीच्या शेताला एक बांध होता. बांधात एक बीळ होतं. बिळात टिचकी उंदरीण राहायची. तिला एक पिल्लू होतं, शेंगदाण्याएवढं. नाव त्याचं दाणू.

दाणूची एक गोधडी होती. टिचकीनं ती उन्हात वाळत घातली. तिकडून आली बकरी. करम करम, करम करम. बकरीनं गोधडी खाल्ली.

थंडीचे दिवस होते. दाणू कुडकुडायला लागलं. कुड कुड, कुड कुड.

जांभळीच्या झाडावर शिंपीण राहायची. शिंपीण म्हणजे एक छोटंसं पाखरू. तिची चोच सुईसारखी. एकेक टाका घालून ती सगळ्यांच्या गोधड्या शिवायची.

टिचकी निघाली. तुरु तुरु, तुरु तुरु.

"शिंपीणताई, शिंपीणताई,
बकरीनं गोधडी खाल्ली,
दाणू माझं कुडकुडे.
नवी गोधडी देतेस का?"

"देते की. त्यात काय," शिंपीण म्हणाली. "उद्या ये. उद्या नक्की."

टिचकी खूश झाली. वाटेत तिला वाळकं गवत दिसलं. मऊ मऊ, उबदार. पण ती म्हणाली, "आता गवत कशाला? उद्या गोधडी येईल."

घरी येऊन दाणूला म्हणाली, "उद्या हं बाळा. उद्या."

दुसरा दिवस उजाडला. टिचकी निघाली. तुरु तुरु, तुरु तुरु.

"शिंपीणताई, झाली का गोधडी?"

"कशी होणार? कापूसच नाही. कपाशी कापूस देईना, मी गोधडी शिवेना."

"काल होता का कापूस?"

शिंपिणीनं फांदीला चोच पुसली. "कालही नव्हता," ती म्हणाली.

टिचकी कपाशीकडे गेली. तुरु तुरु, तुरु तुरु.

"कपाशीताई, कपाशीताई,
बकरीनं गोधडी खाल्ली,
शिंपीण गोधडी शिवेना,
दाणू माझं कुडकुडे.
तू कापूस देतेस का?"

कपाशीची बोंडं घट्ट मिटलेली. "सूर्य ऊन देईना, मी कापूस देईना. त्यानं दिलं की मी देते. उद्या बघ."

टिचकी घरी आली. दाणू म्हणालं, "आई, आली गोधडी?"

"उद्या हं बाळा. उद्या."

तिसरा दिवस उजाडला. दाणू म्हणालं, "आई, आज उद्या आहे का?"

 टिचकी टेकडीवर गेली. तुरु तुरु, तुरु तुरु.

"सूर्यआजोबा, सूर्यआजोबा,
बकरीनं गोधडी खाल्ली,
शिंपीण गोधडी शिवेना,
कपाशी कापूस देईना,
दाणू माझं कुडकुडे.
तुम्ही ऊन देता का?"

सूर्य धुक्याआडून बोलला. "धुकं जागचं हलेना, मी ऊन देईना. ते हललं की मी देतो. उद्या बघ."

टिचकी घरी आली. दाणू शिंकलं. आक्छी. पुन्हा शिंकलं. आक्छी.

"उद्या हं बाळा. उद्या."

चौथा दिवस उजाडला. धुकं ओढ्यात लोळत पडलं होतं. टिचकी ओढ्यावर गेली. तुरु तुरु, तुरु तुरु.

"धुकंमावशी, धुकंमावशी,
बकरीनं गोधडी खाल्ली,
शिंपीण गोधडी शिवेना,
कपाशी कापूस देईना,
सूर्य ऊन देईना,
दाणू माझं कुडकुडे.
तू जरा हलतेस का?"

धुक्यानं जांभई दिली. "वारा मुळी वाहेना, मी जागची हलेना. तो वाहिला की मी हलते. उद्या बघ."

टिचकी घरी आली. त्या दिवशी दाणूनं काहीच विचारलं नाही. गोधडी आली का, विचारलं नाही. आज उद्या आहे का, विचारलं नाही. ते नुसतं कुडकुडत राहिलं. कुड कुड, कुड कुड.

पाचवा दिवस उजाडला. वारा डोंगराच्या खिंडीत झोपला होता. टिचकी खिंडीत गेली. खिंड फार लांब होती. तुरु तुरु, तुरु तुरु. थांबली. परत तुरु तुरु.

"वारादादा, वारादादा,
बकरीनं गोधडी खाल्ली,
शिंपीण गोधडी शिवेना,
कपाशी कापूस देईना,
सूर्य ऊन देईना,
धुकं जागचं हलेना,
दाणू माझं कुडकुडे.
तुम्ही जरा वाहता का?"

वाऱ्यानं एक डोळा उघडला. "मी दमलोय ग. आज झोपणार. उद्या झोपणार. परवा सकाळी येतो."

"उद्या नाही?"

"उद्या नाही. परवा."

टिचकीला रडू आलं. परवा लांब होतं. ती एका दगडावर बसून रडली. मग तिनं डोळे पुसले.

"परवा म्हणजे दोन दिवस," ती म्हणाली. "मग दोन दिवसांचं गवत लागेल."

ती शेतात आली. वाळकं गवत तोंडात धरलं. एक काडी, दोन काड्या, खूप खूप काड्या. सरसर, सरसर. सगळं बीळ गवतानं भरलं. दाणूला मधोमध ठेवलं. दाणूची कुडकुड थोडी कमी झाली.

टिचकी गवताकडे बघत बसली. गवत पहिल्या दिवशीही तिथंच होतं. कुणी पहिल्या दिवशी खरं सांगितलं असतं, तर तिनं पहिल्याच दिवशी आणलं असतं.

मग परवा आला.

वारा उठला. सूं सूं, सूं सूं.
वारा वाहिला, धुकं हललं.
धुकं हललं, सूर्यानं ऊन दिलं.
सूर्यानं ऊन दिलं, बोंडं फुटली. फट् फट्, फट् फट्.
कपाशीनं कापूस दिला, शिंपीण शिवायला बसली. टुचुक टुचुक, टुचुक टुचुक.

दोन दिवस शिवत होती. टाका सुरेख, गोधडी सुरेख. पण ती टिचकीला उचलेना. मग झाडाखालच्या गोगलगायीनं ती पाठीवर घेतली.

"उद्या पोचेल हं," शिंपीण म्हणाली.

"उद्या नाही बाई," गोगलगाय म्हणाली. "मला चार दिवस लागतात. मला विचारायचं तरी."

"अगं, चार म्हटलं तर टिचकीला वाईट वाटेल," शिंपीण कुजबुजली.

टिचकी खालीच उभी होती. ती म्हणाली, "शिंपीणताई, पहिल्या दिवशी उद्या का म्हणालीस?"

"तुला बरं वाटावं म्हणून."

"मला एक दिवस बरं वाटलं. दाणू पाच दिवस कुडकुडलं."

 टिचकी घरी गेली. वाटेत तिनं चार दिवसांचं गवत घेतलं.

गोगलगाय निघाली. हळू हळू, हळू हळू. एक दिवस. दोन दिवस. तीन दिवस. चौथ्या दिवशी बिळाशी आली. चार म्हणाली होती, चारच लागले.

टिचकीनं दाणूला गोधडी घातली. डोकं झाकलं. पोट झाकलं. पाय झाकेनात. शेपटी झाकेना. इतक्या दिवसांत दाणू मोठं झालं होतं. आता ते सुपारीएवढं होतं.

टिचकीनं गोधडी खाली ओढली, तर डोकं उघडं. वर ओढली, तर पाय उघडे.

तेवढ्यात शिंपीण आली. भुर्र. तिनं दाणूचे पाय पाहिले. किती तरी वेळ पाहिले.

"मी खाली एक पट्टी जोडते," ती हळूच म्हणाली.

"कधी?" टिचकीनं विचारलं.

शिंपिणीनं चोच उघडली. मग मिटली. मग ती मोजायला लागली. "कापूस उरलाय. आणायला जाते, येते. इथंच बसून शिवते. पट्टी लहान आहे. सूर्य टेकडीला टेकेल तेव्हा होईल. त्याआधी नाही."

"बरं," टिचकी म्हणाली.

शिंपीण गेली. शिंपीण आली. शिवायला बसली. टुचुक टुचुक, टुचुक टुचुक. मान वर केली नाही. पाणी प्यायली नाही.

सूर्य टेकडीला टेकला. शिंपिणीनं शेवटचा टाका घातला.

टिचकीनं दाणूला गोधडी घातली. डोकं झाकलं. पोट झाकलं. पाय झाकले. शेपटी झाकली. दाणू पाय पसरून झोपलं. घुर्र घुर्र, घुर्र घुर्र.

शिंपीण दाराशी थांबली. टिचकी काहीतरी बोलेल असं तिला वाटलं.  पण टिचकी दाणूच्या पायांवरून हात फिरवत राहिली.

 मग शिंपीण एकटीच उडून गेली. भुर्र.

गोष्ट शिरली गोधडीत, आपण आपल्या पांघरुणात.