बंब सोडणारा केरबा

एका गावात एक भोळा गडी होता. नाव केरबा. त्याचे वाडवडील गावात दवंडी द्यायचे, त्यामुळे आवाज खणखणीत. त्यानं नदीच्या या काठावरून हाक मारली की पलीकडच्या काठावरची म्हैस मान वर करायची. शिवाय केरबा कधी खोटं बोलायचा नाही, आणि सांगितलेलं काम सांगितल्याबरहुकूम करायचा. अगदी बरहुकूम करायचा, हीच पंचाईत होती.

गावच्या नगरपालिकेकडे आगीचे दोन बंब होते. आग लागली की लोक बंबखान्यात फोन करायचे. फोनवरचा माणूस वायरलेसवरून बंबाच्या ड्रायव्हरला कळवायचा. तो माणूस निवृत्त झाला आणि जागा रिकामी झाली. केरबाची बायको सुगंधा म्हणाली, "जा की. बोलायचंच तर काम आहे."

बंबखान्याचे प्रमुख होते मुजावरचाचा. त्यांनी विचारलं, "कान कसे आहेत?"

"दोन आहेत," केरबा म्हणाला.

चाचा हसले. गडी विनोदी आहे असं त्यांना वाटलं. महिनाभर काम बघायचं, जमलं तर कायम करायचं, असं ठरलं.

चाचांनी खुर्ची दाखवली, फोन दाखवला, वायरलेस दाखवला. म्हणाले, "फोनवर ऐकशील ते जसंच्या तसं वायरलेसवर सांगायचं. पदरचा शब्द घालायचा नाही. बोलणं संपलं की 'ओव्हर' म्हणायचं."

"बरं," केरबा म्हणाला.

दुसऱ्याच दिवशी फोन आला. एक बाई ओरडत होती, "अहो धावा! माझी गंजी पेटली!"

केरबानं वायरलेस उचलला. "अहो धावा! माझी गंजी पेटली! ओव्हर."

बंबाचे ड्रायव्हर लव्हटे टाकीवर पाणी भरत होते. त्यांना वाटलं, केरबाच्या अंगातली गंजी पेटली. ते भरधाव आले आणि खिडकीतूनच त्यांनी पाण्याचा फवारा सोडला. केरबा खुर्चीसकट भिंतीला जाऊन टेकला. तिकडे त्या बाईच्या कडब्याची गंजी निम्मी जळाली. उरलेली शेजाऱ्यांनी वाचवली.

चाचांनी कपाळावर हात मारला. "अरे, आधी नाव विचारायचं. पत्ता विचारायचा. जवळची खूण विचारायची. त्याशिवाय बंब जागचा हलवायचा नाही!"

"असं होय," केरबा डोकं पुसत म्हणाला. "आता तसंच करतो."

बंबखान्याच्या फाटकाला लागून कलावतीबाईंची चहाची टपरी होती. रोज दोनदा केरबा तिथं चहा प्यायचा. एका सकाळी स्टोव्ह भडकला. कलावतीबाई धावत खिडकीशी आल्या. "केरबा, टपरी पेटली रे!"

केरबानं वही उघडली. "नाव?"

"मेल्या, मी कलावती!"

"पूर्ण नाव सांगा. पत्ता?"

"तुझ्या नाकासमोर!"

केरबानं लिहिलं, 'नाकासमोर'. मग विचारलं, "जवळची खूण?"

"एक मूर्ख माणूस वही घेऊन बसलाय, ती खूण!"

केरबानं तेही लिहून घेतलं. तेवढ्यात टपरीचं छप्पर खाली आलं. लव्हट्यांना ठिणग्या दिसल्या, म्हणून ते आपणहून धावले. त्यांनी एक बाकडं तेवढं वाचवलं.

त्या दिवशी चाचांना चहा मिळाला नाही, म्हणून ते जास्तच चिडले. "डोळ्यांना दिसतंय तर विचारत काय बसतोस? धूर दिसला की बंब सोडायचा!"

"तसंच करतो," केरबा म्हणाला. त्याला मनापासून वाईट वाटलं होतं. संध्याकाळी त्यानं कलावतीबाईंना नवं छप्पर घालायला मदतही केली.

मग तो खिडकीत बसून धुरावर नजर ठेवू लागला. चार दिवसांनी माळावर दाट धूर दिसला. केरबानं गुडघ्यावर थाप मारली. "बंब एक, बंब दोन! माळावर धूर! दोघंही जा! ओव्हर."

माळावर खोतांचं गुऱ्हाळ होतं. काहिलीत रस उकळत होता, काकवीचा घमघमाट सुटला होता, माणसं द्रोण धरून उभी होती. धुराच्या लोटात लव्हट्यांना काही दिसेना. त्यांनी पाणी सोडलं. काहिलीत गुळाचं सरबत झालं आणि खोत गुडघाभर चिखलात उभे राहिले.

खोत तसेच बंबखान्यात आले. त्यांनी तोंड उघडलं ते अर्धा तास मिटलं नाही. ते गेल्यावर मुजावरचाचा हात जोडून म्हणाले, "केरबा, बाबा, तू तुझे डोळे वापरू नकोस. कुणाचा तरी फोन येईल, तेव्हाच बंबाला सांग. फोन वाजल्याशिवाय वायरलेसला हात लावायचा नाही. आणि आता एक जरी चूक झाली, तर घरी बस."

केरबा घाबरला. घरी सुगंधानं नव्या नोकरीचे पेढे आधीच वाटले होते.

पुढच्या आठवड्यात एका दुपारी चाचा जेवायला गेले होते. दोन्ही बंब तळ्यावर पाणी भरत होते. केरबा एकटाच होता. पंख्याच्या वायरीतून ठिणगी उडाली आणि खिडकीचा पडदा पेटला. पडद्यावरून आग कपाटावर गेली.

तेवढ्यात वायरलेसवर लव्हटे बोलले, "केंद्र, आम्ही पाणी भरून तयार आहोत. काही काम आहे का? ओव्हर."

केरबानं दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरले. फोन वाजला नव्हता.

पण आग तर लागली होती. कुणीतरी फोन करायला हवा. आसपास दुसरं कुणी नव्हतं, म्हणून त्यानंच समोरच्या फोनवरून बंबखान्याचा नंबर फिरवला. एंगेज. पुन्हा फिरवला. एंगेज. "एवढी आग लागलीय आणि हे गप्पा मारतायत!" असं म्हणून तो धावत रस्त्यापलीकडच्या वाण्याच्या दुकानात गेला.

मुजावरचाचा परतले, तेव्हा खोलीतून ज्वाळा निघत होत्या आणि लोक बादल्या घेऊन धावत होते. केरबा वाण्याच्या दुकानात रिसीव्हर कानाला लावून घामाघूम उभा होता.

"अरे, बंबाला कळवलंस का?" चाचा ओरडले.

"कसं कळवू, चाचा? मघापासून फोन लावतोय. वाजतोयसुद्धा, इथपर्यंत ऐकू येतंय बघा. पण तिथं ड्यूटीवर बसवलेला माणूस उचलतच नाही. आग विझली की आधी त्याला कामावरून काढा!"