खुंटीवरचा पट्टा

“बाबा, मारतो कसा हो तो?”

जोकिमनं विचारलं आणि पटकन दाराकडे पाहिलं. कुणी ऐकलं तर नाही ना...

लतीफबाबांनी मान वर केली नाही. माझगावच्या गोदीमागं, आपल्या खोलीत, ते एक फाटका ग्लोव्ह शिवत बसले होते. तरुणपणी आगबोटीवर कोळसा ओढता ओढता ते अमेरिकेला पोचले होते. तिथं मोठमोठ्या मुष्टियोद्ध्यांना सराव हवा म्हणून समोर उभं राहून मार खायचा, हीच त्यांची नोकरी. नाक बसलं, कान मुरडला. म्हातारपणी मुंबईला परतून त्यांनी फकिरी पत्करली.

“कोण कसा मारतो?”

“तो... मुबारक. सिद्दी.”

“तूच बघ की. चार वर्षं तुझ्याकडे लढत मागतोय बिचारा.”

जोकिम हसला. साऱ्या बंदरात हेवीवेटचा विजेता तोच. बाबांच्या दारातून आत यायचं तर त्याला अंग तिरकं करावं लागे. कमरेला विजेतेपदाचा, चांदीच्या बक्कलाचा पट्टा. तो घातल्याशिवाय जोकिम बाजारातसुद्धा जात नसे.

“असल्या कोळसेवाल्याशी मी लढू? अहो, अमेरिकेतले जगज्जेतेही काळ्या माणसाला रिंगणात घेत नाहीत. तुम्हीच सांगता ना?”

“सांगतो खरं.” बाबांनी दोरा दातानं तोडला. “त्यातला एक जण सराव संपला की मला हळूच बाजूला घ्यायचा. विचारायचा, ‘तो काळा मारतो कसा रे?’”

“मग?”

“मग काय! विचारता विचारता म्हातारा झाला.”

जोकिमचं तोंड उतरलं.

“पण चार वर्षांत मला कुणी हरवलेलं नाही. हे तरी खरं ना?”

“खरं. पट्टा दे बघू इकडे.”

बक्कल पुसून देतील, असं जोकिमला वाटलं. बाबा उठले. भिंतीतल्या खुंटीवर त्यांनी पट्टा टांगला आणि दोन पावलं मागं सरकून कौतुकानं पाहत राहिले.

“या खुंटीलाही कुणी हरवलेलं नाही.”

जोकिमच्या मुठी वळल्या. “थट्टा करता माझी?”

बाबांनी शिवलेला ग्लोव्ह त्याच्यापुढं धरला. “मुबारकचा आहे. घाल.”

जोकिमनं हात आत सरकवला. बोटांच्या सांध्यांवर ग्लोव्ह पापडासारखा चपटा झाला होता.

“आतले घोड्याचे केस कुठं गेले?”

“दर महिन्याला नवे भरतो. दर महिन्याला असाच परत येतो.”

जोकिम तो हात उलटसुलट करून पाहत राहिला. मग त्यानं दुसऱ्या हाताच्या तळव्यावर एक ठोसा हाणला. पुन्हा एक...

“बाबा,” तो म्हणाला. आता त्याच्या आवाजात ताठा नव्हता. “खरंच, कसा मारत असेल हो?”

बाबा सुईत नवा दोरा ओवू लागले.

“आज कुठं सापडेल?”

“धक्क्यावर. कोळशाची बोट लागलीय.”

जोकिम अंग तिरकं करून दाराबाहेर पडला. ग्लोव्ह हातातच होता. चार पावलं गेल्यावर त्याचा दुसरा हात सवयीनं कमरेवर गेला, तसा तो थबकला.

“बाबा... पट्टा?”

“राहू दे तिथंच. खुंटी कुणाला लढत नाकारत नाही.”