भुकेल्यांचा मळा

फार पूर्वी वेत्रवती नगरीवर अरिंदम राजाची सत्ता असताना बोधिसत्त्वाने एका माळ्याच्या घरी जन्म घेतला होता. त्याचे नाव सोमदत्त. नगराच्या वेशीबाहेर पडीक जमीन होती. सोमदत्ताने कुंभार, कोष्टी, गवळी अशा शेजाऱ्यांना सोबत घेऊन तिथे मळा फुलवला. वांगी, दुधी, मुळे, जे पिकेल ते गरजूंना वाटायचे, असे सगळ्यांनी ठरवले होते. नदी मात्र दूर होती. घागरींनी पाणी वाहताना माणसे थकून जात.

ही वार्ता ऐकून राजा मळा पाहायला आला. वाफ्यांमधून हिंडताना तो प्रसन्न झाला आणि राजतलावातून इथवर पाट काढून देतो म्हणाला. एवढ्यात शिपायांनी एका बाईला धरून आणले. ती कुंपणाआड मुळे उपटत होती. तिचे नाव रोहा. पती वारल्यापासून तिची चूल पेटत नव्हती. पण एके काळी तिच्याच घरून या मळ्याला बियाणे येत असे. त्यामुळे रांगेत उभे राहून पदर पसरायला तिचा जीव धजत नव्हता.

राजा म्हणाला, "सोमदत्ता, हिला हाकलून दे. चोरांना पोसायला मी पाणी देणार नाही."

सोमदत्ताने कोमेजलेल्या वेलींकडे पाहिले. मग तो शांतपणे म्हणाला, "महाराज, हा मळा भुकेल्यांचा आहे आणि ही भुकेली आहे. मालकिणीला चोर कसे म्हणू?"

राजा तडक निघून गेला. पाट आला नाही. सोमदत्ताने मुळ्यांची माती झटकून ते रोहाच्या ओटीत घातले. यापुढे कुणाला मागायला लावायचे नाही, भाजी आपणच घरोघरी पोहोचवायची, असे त्याने शेजाऱ्यांना सुचवले आणि त्यांना ते पटले. दुसऱ्या दिवशी रोहा घागर घेऊन पाणी वाहायला आली.

भर उन्हाळ्यात राजा शिकारीत सोबत्यांपासून दुरावला. तहानेने व्याकूळ होऊन तो नदीच्या वाटेवर बसला होता. तिथून जाणाऱ्या रोहाने डोक्यावरची घागर उतरवून त्याच्यासमोर धरली.

तिला पाहून राजा ओशाळला. "मला ओळखलेस?"

"ओळखले, महाराज. आधी पाणी प्या."

राजाने ओंजळ पुढे केली. त्याचे डोळे भरून आले होते. पावसाळ्यापूर्वी मळ्यात पाट वाहू लागला.

आपल्या पूर्वजन्माची ही कथा सांगून शास्ता म्हणाले, "भिक्षूंनो, आजाऱ्यांना पेज भरवणारी ही उपासिका नंदवती तेव्हा रोहा होती. ज्येष्ठ भिक्षू, स्थविर सीवक, हा राजा अरिंदम होता. आणि माळी सोमदत्त मीच होतो. घेणाऱ्याची मान खाली जाऊ न देता जे दिले जाते, त्यातच मैत्री पारमिता, मैत्रीची परमोच्च साधना, पूर्ण होते."