भिंगरीची गाडी वळेना

एक होती चिचुंद्री. नाव तिचं भिंगरी.

भिंगरीकडे होती एक गाडी. लाल लाल. बसकी बसकी. लांब नाकाची. डोक्यावर टप नाही. पळायला लागली की भुर्रर्र. भिंगरीच्या आजोबांनी ही गाडी शर्यतीत पळवली होती. गाडी जुनी, पण तोरा नव्या नवरीचा.

आज भिंगरी निघाली होती भावाकडे. घाटाच्या पलीकडे. भावाला बाळ झालं होतं. आज संध्याकाळी बाळाचं बारसं. भिंगरी बाळाची आत्या. आता बारशाला कोण लागतं? आत्या लागते. आत्या बाळाच्या कानात कुर्र करते. मग नाव सांगते. आत्या नाही तर नाव नाही. नाव नाही तर घुगऱ्या नाहीत.

शेजारच्या सीटवर बसली पिल्लं. दाटीवाटीने.

"आई, बाळाचं नाव काय ठेवायचं?"

"वाटेत सुचेल रे."

भुर्रर्र. वडाचं वळण आलं. भिंगरीने स्टेअरिंग फिरवलं.

खट्.

स्टेअरिंग फिरलं. चाक फिरलं नाही. गाडी गेली सरळ. सरळ सरळ सरळ. समोर शेणाचा ढीग.

फच्च.

गाडीचं नाक शेणात. पिल्लं शेणात. धाकट्याच्या डोक्यावर शेणाची टोपी.

भिंगरी गाडीखाली शिरली. गाडीखाली काय असतं, ठाऊक आहे? एक दांडा असतो. दांड्याच्या टोकाला वाटी असते. वाटीत बसते लोखंडाची गोळी. आपण स्टेअरिंग फिरवतो. दांडा सरकतो. गोळी चाकाला सांगते, वळ. चाक वळतं. पण गोळी घट्ट हवी. गोळी सैल, तर चाकाला निरोप नाही.

भिंगरीची गोळी सैल होती. वाटीसकट लोंबत होती. आणि गोळी होती नवी. कालच आणलेली.

काल काय झालं होतं? भिंगरी गेली होती गबाशेठच्या दुकानात. गबाशेठ म्हणजे घूस. गलेलठ्ठ. शेठने दोन गोळ्या काढल्या, वाटीसकट. एक काळी, तेलकट. एक चकचकीत. शेठ गोड हसला.

"ताई, ही चकचकीत घ्या. आरसा आहे आरसा."

भिंगरीने गोळीत आपल्या मिशा पाहिल्या. मिशा छान दिसल्या. घेतली गोळी. कानाशी धरून हलवली नाही. दुकानदार फार गोड हसला की माल हलवून बघावा, हे ती विसरली.

आज तिने गोळी वाटीसकट सोडवली. कानाशी धरली. हलवली.

खुळखुळ. खुळखुळ.

भिंगरीचं नाक लाल झालं. शेपूट ताठ झालं.

"चला रे," ती म्हणाली.

भिंगरी निघाली. चुटूचुटू चुटूचुटू. मागे पिल्लांची आगगाडी. पहिल्याच्या तोंडात आईचं शेपूट. दुसऱ्याच्या तोंडात पहिल्याचं शेपूट. शेवटी धाकटा, शेणाची टोपी घालून.

गबाशेठ नुकताच दुकान उघडत होता. उदबत्ती लावत होता.

"शेठ, शेठ, ही गोळी खुळखुळते. बदलून द्या."

"सकाळी सकाळी परत माल? छे छे छे. माझी भवानी व्हायची आहे."

भवानी म्हणजे दिवसातली पहिली विक्री. पहिली विक्री चांगली, तर दिवस चांगला. म्हणून शेठ भवानीच्या आधी माल परत घेत नसे. भवानीच्या नंतर? नंतरही घेत नसे. नंतर तो जेवायला जाई.

"शेठ, माझी पिल्लं शेणात पडली."

"म्हणूनच वास येतोय. नीघ बरं."

भिंगरीचं नाक लाल झालं. शेपूट ताठ झालं. तिने वर पाहिलं. वर होतं शटर. लोखंडाचं. गुंडाळलेलं.

"शटरदादा, शटरदादा,
शेठ गोळी बदलेना,
गाडी माझी वळेना,
बाळाला नाव मिळेना.
तू खाली ये. शेठचं दुकान बंद कर."

शटर म्हणालं, "मी का येऊ? आत्ताच वर चढलोय. कंबर दुखते माझी. शेठने माझं काय बिघडवलंय? नाही येणार जा."

भिंगरीचं नाक लाल झालं. शेपूट ताठ झालं. तिने गोळी हलवली. खुळखुळ. एक गिऱ्हाईक दुकानात येत होतं. त्याने खुळखुळ ऐकली. ते पुढच्या दुकानात गेलं.

भिंगरी निघाली. चुटूचुटू चुटूचुटू. मागे पिल्लांची आगगाडी. दुकानामागे भंगार पडलं होतं. भंगारावर बसला होता गंज. तांबडा. खरखरीत.

"गंजूकाका, गंजूकाका,
शेठ गोळी बदलेना,
शटर खाली उतरेना,
गाडी माझी वळेना,
बाळाला नाव मिळेना.
तू शटर कुरतड."

गंज म्हणाला, "मी का कुरतडू? इथे पडलेलं संपेना मला. हे बघ, एक अख्खी सायकल उरलीय. शटरने माझं काय बिघडवलंय? नाही कुरतडणार जा."

भिंगरीचं नाक लाल झालं. शेपूट ताठ झालं. खुळखुळ. आणखी एक गिऱ्हाईक परत गेलं.

भिंगरी निघाली. चुटूचुटू चुटूचुटू. मागे पिल्लांची आगगाडी. शेजारी होतं गॅरेज. गॅरेजात होता डबा. डब्यात होतं तेल. काळं. बुळबुळीत.

"तेलोबा, तेलोबा,
शेठ गोळी बदलेना,
शटर खाली उतरेना,
गंज शटर कुरतडेना,
गाडी माझी वळेना,
बाळाला नाव मिळेना.
तू गंजाला बुडव."

तेल म्हणालं, "बुळुक. मी का बुडवू? गार सावलीत बसलोय. गंजाने माझं काय बिघडवलंय? नाही बुडवणार जा. बुळुक."

ऊन डोक्यावर आलं. धाकट्याची शेणाची टोपी वाळली.

"आई, घुगऱ्या संपतील," धाकटा म्हणाला.

भिंगरीचं नाक आणखी लाल झालं. शेपूट आणखी ताठ झालं. खुळखुळ. खुळखुळ.

खिळ्याला लोंबत होती चिंधी. जुन्या परकराची. फुलाफुलांची.

"चिंधीताई, चिंधीताई,
शेठ गोळी बदलेना,
शटर खाली उतरेना,
गंज शटर कुरतडेना,
तेल गंजाला बुडवेना,
गाडी माझी वळेना,
बाळाला नाव मिळेना.
तू सगळं तेल टिपून घे."

चिंधी म्हणाली, "अगं बाई. आणि ही माझी फुलं काळी करू? तेलाने माझं काय बिघडवलंय? नाही टिपणार जा."

भिंगरीचं नाक लाल झालं. शेपूट ताठ झालं.

भिंगरी निघाली. चुटूचुटू चुटूचुटू. मागे पिल्लांची आगगाडी. गॅरेजबाहेर उभी होती बकरी. तोंडात पुठ्ठा. चबक चबक.

"बकरीबाई, बकरीबाई,
शेठ गोळी बदलेना,
शटर खाली उतरेना,
गंज शटर कुरतडेना,
तेल गंजाला बुडवेना,
चिंधी तेल टिपेना,
गाडी माझी वळेना,
बाळाला नाव मिळेना.
तू ती चिंधी चघळ."

बकरी म्हणाली, "चबक चबक. काल एक पायमोजा खाल्ला. अजून पोटात चालतोय. चिंधीने माझं काय बिघडवलंय? नाही चघळणार जा."

भिंगरी मटकन खाली बसली. नाक लाल. शेपूट ताठ. मिशा थरथर. तिने गोळी दाणकन आपटली.

"कुणी हिला कानाशी तरी धरा," ती म्हणाली. "सगळे म्हणतात माझं काय बिघडलंय. माझं बिघडलंय ना. माझी पिल्लं घाटात असती तर?"

तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, "आण बघू इकडे."

कोण होतं? मुंगळा होता. काळा. करकरीत. जुन्या टायरमध्ये राहायचा.

"मुंगळेराव, मुंगळेराव,
शेठ गोळी बदलेना,
शटर खाली उतरेना,
गंज शटर कुरतडेना,
तेल गंजाला बुडवेना,
चिंधी तेल टिपेना,
बकरी चिंधी चघळेना,
गाडी माझी वळेना,
बाळाला नाव मिळेना."

मुंगळा पुढे आला. तो गोळीवर चढला. गोळी आणि वाटी यांच्यामध्ये होती फट. मुंगळा फटीत शिरला. दिसेनासा झाला. मग दुसऱ्या बाजूने बाहेर आला.

"भिंगरीताई," तो म्हणाला, "आत मी सहकुटुंब राहू शकतो. वर पाहुणे आले तरी चालतील. ही गोळी आहे की धर्मशाळा?"

आता मुंगळ्यालाही राग आला. राग आला की मुंगळा काय करतो? कडकडून चावतो.

मुंगळा गेला बकरीकडे. तुरूतुरू तुरूतुरू.

बकरी म्हणाली, "चावू नको बाबा. मी चघळते चिंधी."

बकरी गेली चिंधीकडे. चबक चबक.

चिंधी म्हणाली, "माझी फुलं खाऊ नको गं. मी टिपते तेल."

चिंधी गेली तेलाकडे. फडफड फडफड.

तेल म्हणालं, "टिपू नको मला. मी बुडवतो गंजाला. बुळुक."

तेल गेलं गंजाकडे. बुळुक बुळुक.

गंज म्हणाला, "बुडवू नको मला. मी कुरतडतो शटर."

गंज गेला शटरकडे. खर्र खर्र.

शटर म्हणालं, "कुरतडू नको मला. मी येतो खाली."

आणि शटर आलं खाली. खडखडखडखड.

आत गबाशेठ बसला होता. दुपार झाली तरी त्याची भवानी झाली नव्हती. सगळ्या बाजाराने खुळखुळ ऐकली होती. आता तर अंधार व्हायला लागला.

"अरे अरे अरे," शेठ ओरडला. "भवानीच्या आधी शटर खाली? थांब रे बाबा."

अर्ध्यावर शटर थांबलं. खालून भिंगरीचं लाल नाक आत आलं.

"शेठ, गोळी बदला."

"बदलतो ताई, बदलतो. पाणी घ्या. बसा. ही बघा, हिच्याहून चकचकीत आहे."

पण भिंगरी आता कालची भिंगरी नव्हती. तिने गोळी कानाशी धरली. हलवली. खुळखुळ. मुंगळा इकडून शिरला, तिकडून निघाला.

"दुसरी," भिंगरी म्हणाली.

शेठने दुसरी काढली. खुळखुळ. मुंगळा इकडून शिरला, तिकडून निघाला.

"ती काळी कुठाय? कालची?"

"ती? ती कसली घेताय ताई? दिसायला बरी नाही."

"शेठ, मला ती मिरवायची नाही. गाडी वळवायची आहे."

शेठने खालच्या खोक्यातून काळी गोळी काढली. भिंगरीने कानाशी धरली. हलवली.

काही नाही. पुन्हा हलवली. काहीच नाही. पिल्लांनी पाळीपाळीने कान लावले. गुपचूप.

मुंगळा गोळीवर चढला. इकडून फिरला. तिकडून फिरला. डोकं खाजवलं.

"हिला दारच नाही," तो म्हणाला.

"मग हीच," भिंगरी म्हणाली.

शेठने हळूच हात पुढे केला. खुळखुळ्या गोळ्या परत खोक्यात टाकायला. भिंगरीने त्याच्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. शटर जरासं खाली आलं. खड्.

"नाही नाही," शेठ म्हणाला. "फेकूनच देणार होतो."

मग पिल्लांनीच फेकल्या. वडाच्या वळणावर नेऊन. शेणाच्या ढिगात. फच्च. फच्च. फच्च.

भिंगरीने गाडीखाली शिरून काळी गोळी बसवली. पाना लावला. कर्र. कर्र. कर्र.

"आई, घट्ट?"

"घट्ट."

सगळ्यांनी गाडी ढकलली. बकरीनेही. गाडी शेणातून निघाली. मुंगळा बसला पुढच्या काचेवर. भिंगरीने गाडी थोडी मागे नेली, तोंड सरळ केलं. भुर्रर्र. वडाचं वळण आलं. पिल्लांनी डोळे मिटले. भिंगरीने स्टेअरिंग फिरवलं.

चाक वळलं.

गाडी वळली.

शेणाचा ढीग बाजूला राहिला.

मग घाट. एक वळण डावीकडे, गाडी डावीकडे. एक वळण उजवीकडे, गाडी उजवीकडे. भुर्रर्र.

भावाच्या घरी दिवे लागले. पाळणा सजला. बायका म्हणाल्या, आत्या अजून आली नाही, आता कसं करायचं? तेवढ्यात बाहेर भुर्रर्र झालं.

"आल्या आत्याबाई," वहिनी म्हणाली. "अगं, पण हा वास कसला?"

"वाटेचा," भिंगरी म्हणाली. "पाय धुते. बाळ आण."

बाळ होतं इवलंसं. गुलाबी. त्याने आत्याचं बोट धरलं. धरलं ते सोडेचना. भिंगरीने बोट हलवलं. सुटेना. भावाने ओढून पाहिलं. सुटेना.

भिंगरीच्या नाकाचा लाल रंग गेला. शेपूट मऊ झालं. ती बाळाच्या कानाशी वाकली.

"कुर्र," ती म्हणाली. "तुझं नाव घट्टू."

बाळ हसलं. पिल्लांनी घुगऱ्या खाल्ल्या. मुंगळ्याने एक घुगरी घरी नेली, सगळ्या कुटुंबाला.

घट्ट गोळी, वळला घाट,
गोष्टीची संपली वाट.