सभापतींची अळणी आमटी

आमच्या हौसाबाईंच्या खानावळीत अभिप्रायाची वही टांगलेली असे. ‘आमटी एक नंबर’ आणि ‘भाकरी यायला फार वेळ’, दोन्ही शेरे तिथं सुखानं नांदत. बाईंचा नियम एकच: आधी येईल त्याला आधी वाढायचं, मग तो कुणी का असेना.

एके दुपारी सभापती रणनवरे आले. आधी आलेल्या ज्ञानू हमालाला आधी ताट मिळालं आणि साहेबांचा पारा चढला. आमटीचा पहिलाच भुरका मारून, खिशातलं पेन काढत ते गरजले, “अळणी! वहीत लिहितो, मग बघू उद्या कोण जेवायला येतं!”

हौसाबाईंनी वाटी आत नेली, लगेच परत आणली. “घ्या सभापतीसाहेब, खास तुमच्यासाठी.”

साहेबांनी चाखली. “हां, आता कशी झकास झाली! मीठ घातलंस ना?”

“मिठाची एकुलती एक बरणी मघापासून तुमच्या कोपराशी आहे, साहेब. आमटी तीच आहे. मीठ कमी नव्हतं, मान कमी पडला होता. आता हे लिहा वहीत.”

साहेबांनी पेन खिशात ठेवलं आणि हळूच आणखी एक वाटी मागितली.

“देते की,” हौसाबाई म्हणाल्या, “पण ज्ञानूनं आधी मागितलीय.”